पोचला म्हणायचं कुणी

बिघडलेली कुठलीही गोष्ट नीट तापवली की सुधारते, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर राहतो. सगळी सोसायटी त्यांना मालक म्हणते. तसं पाहिलं तर मालकीचा म्हणावा असा त्यांच्याकडे आता एक फ्लॅट आणि दारासमोरची तुळस एवढाच ऐवज उरलाय. पण भाईंदर पश्चिमेची ही आमची इमारत ज्या जागेवर उभी आहे तिथं एकेकाळी त्यांचं भाताचं शेत होतं, आणि त्याच्या पलीकडं, खाडीच्या अंगाला, मिठागरात त्यांच्या वडिलांचा जन्म गेला. बिल्डरला जमीन देऊन जमाना लोटला तरी मालकांच्या डोक्यातून शेत गेलेलं नाही. मी नवी राहायला आले तेव्हा जिन्यात गाठून त्यांनी मला सांगितलं, "तुमचं सैपाकघर आमच्या बांधावर हाय, बाय. पानी न्हाय साचनार." तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात पाणी साचायचं कारणच काय, हे मला आजतागायत कळलेलं नाही, पण ऐकून बरं वाटलं हे खरं. समोरच्या गुजराती कुटुंबाला मात्र त्यांनी, तुम्ही खोलगट भागात आहात, जपून राहा, असा इशारा दिला आणि त्या भल्या माणसांनी दुसऱ्याच दिवशी प्लंबर बोलावला. प्लंबर अर्धा दिवस भिंती ठोकत फिरला आणि सगळं ठीक आहे असं सांगून गेला. त्यावर मालकांचं म्हणणं असं की त्याला काय ठाऊक, तो बाहेरचा.

मालकांचं सगळं तत्त्वज्ञान मिठागरातून आलेलं आहे. खाडीचं पाणी आत घ्यायचं, उन्हात जाळायचं, आणि मागं जे उरतं ते मीठ. लहानपणापासून डोळ्यांसमोर हेच चाललेलं असल्यामुळे जगातली चांगली वस्तू म्हणजे जळून मागं उरलेली वस्तू, असा त्यांचा पक्का समज झाला. वाईट जे काही आहे ते ओलाव्यात असतं. सर्दी ओली, कावीळ ओली, भांडणसुद्धा ओलं, कारण ते मुरतं. "पान्यान रोग ऱ्हातो," असं ते म्हणतात, "जालान न्हाय ऱ्हात." सोसायटीच्या नारळाला भुंगा लागला तेव्हा मालकांनी गजाचं टोक लाल करून थेट भोकात घातलं. झाड जगलं. ते गजामुळे जगलं की सेक्रेटरींनी त्याच आठवड्यात ओतलेल्या औषधामुळे, यावर दोन सर्वसाधारण सभा झाल्या आणि दोन्हींत मालक जिंकले. पावसाळ्यात लिफ्टचं दार चिकटायला लागलं तेव्हा त्यांनी आत कापूर पेटवला. सेक्रेटरींनी ग्रुपवर 'कृपया लिफ्टमध्ये कापूर पेटवू नये' असा मेसेज टाकला, आणि ज्यांना मागचं पुढचं काही माहीत नव्हतं असे भाडेकरू कितीतरी दिवस हा नियम कशासाठी म्हणून एकमेकांना विचारत राहिले. माझा मिक्सर बंद पडला तेव्हा मी न सांगताच ते तो घेऊन गेले आणि दुपारभर गच्चीवर उन्हात ठेवून परत आणला. तो चालू झाला. झाकण मात्र त्यानंतर कधीच बसलं नाही, आणि आभार मानायचे की भरपाई मागायची, हे न ठरल्यामुळे मी चहा केला.

तापवण्यावर इतका विश्वास असलेल्या माणसाला विजेचं प्रेम असेल असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण मालकांना वीज अजिबात चालत नाही. "आगीला डोले असतात, विजेला नसतात," हे त्यांचं कायमचं वाक्य. दुपारी आडवं होण्यापूर्वी ते घराचा मेन स्विच बंद करतात, मग फ्रिजमधल्या बर्फाचं पाणी होवो की दुधाचं दही. स्विचला ते बोट लावत नाहीत, रबरी चपलेच्या टोकानं दाबतात, आणि त्या कामासाठी एक वेगळी स्वच्छ चप्पल खुंटीला टांगलेली असते. मी सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. तेव्हा हे आपलंच काम आहे असं समजून मी एकदा त्यांना विजेपासून उष्णता कशी तयार होते ते इस्त्रीचं उदाहरण देऊन समजावायला बसले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, की इस्त्री गरम असते हे कबूल, पण जाळ कुठं असतो तो दाखव. मी तारेबद्दल बोलले. ते म्हणाले, तार तापते, पण तारेला कळतं का आपण तापलोय ते. मी म्हटलं, विस्तवाला तरी कुठं कळतं. त्यांनी माझ्याकडे अशा काही कीव आल्यासारख्या नजरेनं पाहिलं की पुढचा आठवडाभर तो धडा शिकवताना माझीच जीभ अडखळत होती.

मालकांच्या अंगावर पाच डाग आहेत. डाग म्हणजे तापलेल्या लोखंडाचे चटके, जुन्या घरगुती उपचाराचे. बनियन वर करून ते त्यांची ओळख करून देतात, ती अशी की जणू आलेल्या पाहुण्याला घरातली माणसं दाखवताहेत. बेंबीच्या डावीकडचा पोटशूळ, तो आजीनं दिलेला. बरगडीखालची कावीळ, ती आईची. घोट्यावरचा वात, तो मामाचा, मामा हाताचा जड. कुणी दिला, कधी दिला, त्या दिवशी घरात काय शिजलं होतं, सगळं पाठ. आणि या देण्याघेण्याला त्यांच्या घराण्यात कायदे होते. डाग देणाऱ्यानंही त्या दिवशी उपास धरायचा, म्हणजे दुसऱ्याला चटका देणारं माणूस भरल्या पोटी नसावं. आणि दुसरा कायदा त्याहून मोठा: लोखंड उचलायचं ते दुखणाऱ्यानं 'पोचला' म्हटल्यावरच. चटका आतल्या दुखण्यापर्यंत पोचला की नाही हे ज्याचं त्यालाच कळणार, म्हणून शब्द त्याचाच. त्यानं म्हटलं की त्या क्षणी हात उचलायचा, म्हणेपर्यंत उचलायचा नाही.

तान्ह्या पोरांना असे डाग दिले की काय होतं हे मी शाळेत पालकसभेत घसा फोडून सांगत आलेय, त्यामुळे मी मालकांना फैलावर घेतलं. कावीळ चटक्यानं जात नाही, जी जायची असते ती आपोआप जाते, आणि मागं राहते ती जखम. हा उपचार नाही, हा छळ आहे, असं बरंच बोलले. मला वाटलं ते भांडतील. त्यांनी बनियन खाली ओढलं आणि म्हणाले, "मानसाला मी देत न्हाय. कवापासून न्हाय देत." झाडाला, दाराला, झाकणाला चालेल, माणसाला नाही. का, ते सांगितलं नाही. मी मनात म्हटलं, चला, आपल्या बोलण्याचा परिणाम होतो कधीकधी. 'कवापासून' हा शब्द मी सोयीस्करपणे ऐकलाच नाही.

मग एका वर्षी त्यांच्या उजव्या कुशीत दुखायला लागलं. त्यांनी आधी ऊन खाऊन पाहिलं, मग तव्यावर विटकर तापवून शेकून पाहिलं. त्यांचा मुलगा जेसल पार्कला राहतो. तो येऊन त्यांना जबरदस्तीनं सोनोग्राफीला घेऊन गेला आणि यकृतात एक लहानशी गाठ निघाली. पुढच्या तपासण्या झाल्या, गाठ चांगली नव्हती. मुलाच्या कामाच्या पाळ्या वेड्यावाकड्या, सुनेला लहान बाळ, आणि डॉक्टरांशी हिंदी-इंग्रजीत कोण बोलणार म्हणून मिरा रोडच्या हॉस्पिटलात त्यांच्याबरोबर गेले मी. मालकीणबाई सोबत होत्या, पण त्या खोलीत आल्या तरी भिंतीलगतच्या खुर्चीवर बसून राहिल्या. त्या अशाच आहेत. उन्हाळ्यातसुद्धा लांब बाह्यांचं पोलकं, आणि बोलणं मोजकं.

डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी होती, घरची गुजराती, पण मराठी छान बोलायची. तिनं आधी विचारलं की या आधी काही ऑपरेशन वगैरे झालंय का, तर मालकांनी बनियन वर केलं आणि आजीपासून सुरुवात केली. तिनं पाचही डागांची ओळख करून घेतली हे तिचं मोठेपण. मग तिनं समजावलं. पोट फाडायचं नाही. सोनोग्राफीत बघत बघत एक लांब सुई गाठीत घालायची, तिच्या टोकाशी उष्णता निर्माण करायची आणि गाठ आतल्या आत जाळून टाकायची. गाठ छोटी आहे तोवर हे नीट होतं, मोठी झाली की उष्णता कडेपर्यंत जात नाही, म्हणून उशीर नको.

मालकांनी सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं मी त्यांना जाळणं म्हणजे औषध नव्हे हे शिकवत होते, आणि ही पांढऱ्या कोटातली मुलगी, भिंतीवर केवढाल्या पदव्या लावून, जाळून टाकू म्हणत होती. मी घाईघाईनं म्हटलं की हे वेगळं आहे. वेगळं कसं, असं त्यांनी विचारलं, आणि मला नीट सांगता येईना. डॉक्टर मदतीला धावली. म्हणाली, काका, याला अब्लेशन म्हणतात. मालक म्हणाले, डाग. ती म्हणाली, नाही काका, हे फक्त खराब भागापुरतं असतं, बाहेरच्या कातडीला काही होत नाही. मालक म्हणाले, म्हणजे कलेजी भाजणार, बरोबर. असं चार वेळा इकडून तिकडं झाल्यावर तिनं शरणागती पत्करली आणि आतून दिलेला डाग समजा म्हणाली. मालक खूश झाले. आता फक्त लोखंड कोण धरणार ते विचारायचं राहिलं होतं.

इथं घोटाळा सुरू झाला. उष्णता येते कुठून, तर विजेतून, असं तिनं सांगितलं आणि मालक ताडकन उभे राहिले. निखारे चालतील, वीज नाही. आत गेलेली वीज बाहेर कुठून जाणार? डॉक्टर म्हणाली की त्यासाठीच मांड्यांना दोन मोठ्या पट्ट्या चिकटवतात, करंट तिथून परत निघून जातो. हे ऐकून मालक हळूहळू खाली बसले. खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेताच्या, बांधाला पाणी जायला वाट ठेवावी लागते, तशी वाट ठेवलीय म्हणजे विजेला अक्कल नसली तरी हिला आहे, असा त्यांचा निवाडा झाला. मग त्यांनी विचारलं की त्या दिवशी ती उपास धरणार का. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, हो म्हणा. ती म्हणाली की केस असली की संध्याकाळपर्यंत चहासुद्धा मिळत नाही, तेव्हा उपासच. तेही मान्य झालं. मला वाटलं, सुटलो.

जाता जाता ती म्हणाली, आणि काका, तुम्हाला काही कळणार नाही, पूर्ण भूल देणार. मालकांनी विचारलं, म्हणजे मी झोपलेला? ती म्हणाली, गाढ. मालक म्हणाले, "मग पोचला कोन बोलनार?"

मी तिला तो कायदा सांगितला. तिनं मुळीच न हसता उत्तर दिलं की सुईच्या टोकाशी किती उष्णता झाली ते मशीन सतत दाखवतं, पुरे झालं की मशीनच सांगतं. मालकांनी थोडा विचार करून विचारलं, "मशीनला दुखतं काय?" मालक उठले, तिला हात जोडून म्हणाले, "झोपलेल्या मानसाला डाग देत न्हाईत, बाय," आणि खोलीबाहेर गेले. मालकीणबाई त्यांच्या मागोमाग निघाल्या. दारातून त्यांनी एकदा वळून त्या मुलीकडे पाहिलं, ते मला आठवतं.

पुढचे दिवस मी जे जे म्हणून समजावता येईल ते समजावलं. मुलगा येऊन रागावून गेला, रडून गेला. डॉक्टरचा मला फोन आला की गाठ थांबून राहत नसते. मालकांना मरायची हौस नव्हती, हे लक्षात घ्या. त्यांना जाळून घ्यायचं होतं, विजेनंसुद्धा चालणार होतं, उपाशी बाईच्या हातून. फक्त शब्द त्यांचा हवा होता, आणि तो झोपेत कसा येणार याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. भूल न देता करा म्हणाले, तर डॉक्टर तयार नव्हती. श्वासाबरोबर यकृत हलतं, दुखून तुम्ही दचकलात तर सुई भलतीकडे जाईल, म्हणाली. मी चिडले. एका शब्दासाठी कुणी जीव घालवतं का, असं म्हणून गेले, आणि ते म्हणाले की शब्दानंच जातो. यातही मला काही कळलं नाही. रात्रभर विचार करूनही मला या माणसाचा राग करायचा की काळजी, हे ठरवता येईना.

तेव्हा एका दुपारी मालकीणबाई वर माझ्याकडे आल्या, बोंबलाच्या चटणीची वाटी घेऊन. खाली मालक मेन स्विच बंद करून झोपले होते. वाटी ओट्यावर ठेवून त्यांनी डाव्या हाताची बाही दंडापर्यंत वर सरकवली. तिथं एक डाग होता, मालकांचे पाचही डाग मिळून होणार नाही एवढा मोठा, ओढलेल्या कातडीचा.

त्यांनी सांगितलं ते असं. लग्न होऊन राई गावाहून त्या इथं आल्या, आणि पहिल्याच पावसाळ्यात कावीळ झाली. सासूनं सांगितलं, डाग द्या. द्यायचा कुणी, तर मालकांनी, कारण घरात सगळ्यांत हलका हात त्यांचा. त्यांनी उपास धरला, पळीचा दांडा तापवला. सासू दारात उभी, दोन चुलत सासरे ओटीवर. सून घरात येऊन इतके महिने झाले होते पण सासूसमोर तिनं तोंड उघडलेलं नव्हतं. तशी रीतच होती. आणि आता सगळ्यांसमोर मोठ्यानं शब्द बोलायचा. चटका बसला, शब्द ओठांवर आला, पण बाहेर पडेना. मालक वाट बघत राहिले. कायदा होता, म्हटल्याशिवाय उचलायचं नाही. त्यांना वाटलं, अजून पोचला नसेल. बाई शेवटी न बोलताच खाली पडल्या. मालकांनी ती पळी खाडीत नेऊन टाकली आणि त्यानंतर माणसाला कधी डाग दिला नाही. "त्यांनी मना कधी इचारलं न्हाय," त्या म्हणाल्या, "आनि मी कधी सांगितलं न्हाय. घरान त्यावर बोलनंच न्हाय झालं."

म्हणजे माझ्या विज्ञानाच्या व्याख्यानाचा यात काहीच वाटा नव्हता. ते थोडं बोचलं, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त मला त्या दोघांचं वाईट वाटलं. एका खोलीत एवढी वर्षं राहायचं, जेवायचं, पोर वाढवायचं, नातवंड खेळवायचं, आणि एक गोष्ट दोघांनी दोन बाजूंनी धरून ठेवायची.

आम्ही दोघी खाली गेलो. मालक नुकतेच उठून चपलेनं स्विच लावत होते. बाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमी झोपा. पोचला मी बोलेन."

मालकांच्या हातात चप्पल तशीच राहिली. त्यांनी बाईंकडे पाहिलं नाही, स्विचकडे पाहत म्हणाले, "तवा न्हाय बोललीस."

"तवा तुमची आय उभी व्हती दारान," बाई म्हणाल्या. "आता कोन हाय?"

आता मी होते, पण माझी कुणी गणती करत नव्हतं, आणि मीही शक्य तितकी भिंतीला चिकटून उभी होते. मालकांनी चप्पल खुंटीला टांगली. ती दोनदा खाली पडली, तिसऱ्यांदा बसली. मग माझ्याकडे वळून त्यांनी डाकतरणीला फोन लावायला सांगितलं.

ठरल्या दिवशी मालक स्वच्छ बनियन घालून, उपाशीपोटी, हॉस्पिटलात हजर झाले. डॉक्टर भेटायला आली तेव्हा काही खाल्लंय का असं तिनं त्यांना विचारलं आणि त्यांनी तिला. बाईंनी कुठं उभं राहायचं यावर बरीच चर्चा झाली. आत येता येणार नव्हतं. दाराबाहेर, बाकड्यापाशी उभं राहावं, आणि मशीनचं काम झालं की सिस्टर बाहेर येऊन खूण करेल तेव्हा बोलावं, असं ठरलं. सिस्टर केरळची होती. तिला हिंदीत समजावताना माझ्या तोंडून काय काय गेलं ते मला आठवत नाही, पण पेशंटची बायको पेशंटच्या वतीनं ओरडणार आहे एवढं तिला कळलं आणि तिनं ते कुठलंसं धर्मकार्य समजून मोठ्या आदरानं मान डोलावली. मालकांना आत नेताना बाई स्ट्रेचरबरोबर दारापर्यंत गेल्या. दार लागलं, वरचा लाल दिवा लागला.

बाकड्यांवर बरीच माणसं होती. कुणाचा एक्सरे, कुणाचं स्कॅन, एक मारवाडी आजोबा, एक बाई बाळाला थोपटतेय. मालकीणबाई दारासमोर उभ्या राहिल्या आणि मी त्यांच्याकडे बघत बसले. त्यांनी पदर डोक्यावर घेतला, मग खाली टाकला, मग पुन्हा घेतला. ओठ हलत होते. मला भीती वाटायला लागली की आजही शब्द निघाला नाही तर काय. माणसं परकी होती, सासू नव्हती, पण सवय कुठं जाते. मी त्यांच्याजवळ जाऊन उभं राहावं म्हणून उठले, आणि तेवढ्यात त्या ओरडल्या.

"पोचला!"

असा आवाज त्या बाईंच्या अंगात असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. बाळ रडायला लागलं. मारवाडी आजोबा आपला नंबर आला समजून फाइल घेऊन उठले आणि बंद दाराशी जाऊन उभे राहिले. एक मराठी बाई मला विचारायला लागल्या, कोण पोचला, कुठून येणार होते. सिक्युरिटीवाला धावत आला, "क्या हुआ, क्या हुआ," आणि त्याला काय झालं ते मलाच माहीत नव्हतं, कारण सिस्टर बाहेर आलीच नव्हती. खूण झालीच नव्हती. बाई मात्र शांतपणे बाकड्यावर येऊन बसल्या, पदरानं तोंड पुसलं आणि पाणी मागितलं. मी हळूच म्हटलं, अहो, अजून वेळ होता. त्या म्हणाल्या, "आसू दे. ह्या टायमाला उशीर न्हाय करायचा."

काम संपल्यावर डॉक्टर बाहेर आली. सगळं व्यवस्थित झालंय म्हणाली, आणि मग मला बाजूला घेऊन हसू दाबत सांगितलं की आवाज आत ऐकू आला, पण तेव्हा सुई नुसती आत जाऊन बसली होती, उष्णता सुरूही केली नव्हती. मालक शुद्धीवर आले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न तिलाच विचारला, की बायको बोलली का, आणि वेळेवर बोलली का. डॉक्टरनं एकदा बाईंकडे पाहिलं. म्हणाली, "हो काका. अगदी वेळेवर." मालकांनी डोळे मिटून घेतले. मी मुलांना खोटं बोलू नये असं शिकवते, पण त्या मुलीला मला पुरणपोळी करून न्यावीशी वाटली.

घरी आल्यावर मालक काही दिवस नाराज होते. कुशीवर नुसतं सुईचं एक टिंब. सहावा डाग म्हणून माणसांना काय दाखवायचं, हा त्यांचा प्रश्न होता, आणि पट्टी काढल्यावर ते टिंबसुद्धा शोधावं लागायला लागलं तेव्हा आपल्याला फसवलंय की काय असंही त्यांनी मला खासगीत विचारलं. काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन झाला. डॉक्टरनं संगणकाच्या पडद्यावर दाखवलं, ही गाठीची जागा, इथं आता काही जिवंत नाही, सगळं जळून गेलंय. दर थोड्या महिन्यांनी बघत राहावं लागेल, पण आज चांगलं आहे. मालकांनी पुढं वाकून तो काळा ठिपका पाहिला. मला वाटलं, आता पाणी जायची वाट विचारणार, मागं मीठ उरलं का विचारणार. त्यांनी मागं भिंतीशी बसलेल्या बाईंकडे बोट केलं आणि म्हणाले, "हिच्या हातावं एक जुना डाग हाय. तो जाईल काय?"

डॉक्टर उठून बाईंपाशी गेली, बाही वर करून पाहिला. पूर्ण नाही जाणार, पण कातडीच्या डॉक्टरकडे लेझरनं बराच पुसट होऊ शकतो, म्हणाली. लेझर म्हणजे काय, असं मालकांनी विचारलं. तीही एक प्रकारची उष्णताच, असं ती म्हणून गेली. भाजलेलं भाजून घालवायचं हे ऐकून माझं डोकं पुन्हा गरगरायला लागलं, पण मालकांचा चेहरा असा उजळला की बघत राहावं. आजच जाऊ, आत्ताच जाऊ, असं त्यांचं सुरू झालं.

बाईंनी बाही खाली ओढली. "न्हाय," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे. माझा हाय तो."

मालकांनी का म्हणून विचारलं नाही. मीही नाही. त्या एवढ्या शब्दांत राग उरला होता की राग संपल्याचं सांगणं होतं, ते मी अजून ठरवू शकलेले नाही, आणि विचारायची हिंमतही होत नाही. परत येताना रिक्षात मी कडेला, बाई मध्ये, मालक पलीकडे. रेल्वे फाटकाच्या अलीकडं कुठंतरी रिक्षा खड्ड्यात आदळली तेव्हा त्यांनी बाईंचा दंड धरला, नेमका बाहीखालचा तोच, आणि खड्डा गेल्यावरही हात तिथंच ठेवला. त्यांना तो काढायचं सुचत नव्हतं की काढायचा नव्हता, देव जाणे. बाई समोर रस्त्याकडं बघत होत्या. इमारतीशी रिक्षा थांबली, आणि त्या रिक्षावाल्यासमोर, माझ्यासमोर, जिन्यात उभ्या असलेल्या सेक्रेटरींसमोर, आवाज जरासुद्धा न चोरता त्या म्हणाल्या, "घर आलं. काढा आता हात."

मालकांनी त्या क्षणी काढला.